एकशे अठ्ठावीसच्या पुढे

पडद्यावर काळ्या चौकटीत दोन ओळी उमटल्या. पहिली होती ट्रू आणि दुसरी फॉल्स. सुवर्णाने त्या वाचल्या, मग आपण काय टाइप केलं होतं ते वर जाऊन पुन्हा वाचलं. एकशे सत्तावीस आणि एकशे सत्तावीस सारखे आहेत का? आहेत. एकशे अठ्ठावीस आणि एकशे अठ्ठावीस? नाहीत. शेजारच्या खुर्चीवरचा इंजिनीअरिंगचा मुलगा हसला आणि म्हणाला, "सर, मशीनला वेड लागलं." वर्गातले आठदहा जण हसले. कॅनडा कॉर्नरजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हा क्लास होता. सकाळी सात ते नऊची बॅच, फेब्रुवारी दोन हजार सहा. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढायला लावत, आणि गार फरशीवर सगळे पाय खुर्चीच्या दांडीवर घेऊन बसत. सुवर्णा हसली नाही. तिचे पाय फरशीवरच होते आणि तो गारठा एकदम गुडघ्यापर्यंत चढल्यासारखा वाटला. अजून तिला काही कळलेलं नव्हतं. कळायच्या आधी अंगालाच ते समजलं होतं, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं.

यादव सर फळ्याकडे गेले. त्यांचे वडील देवळाली कॅम्पात तोफखान्यात हवालदार होते, त्यामुळे सरांच्या मराठीत मधूनमधून हिंदी येई. त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. "वेड नाही लागलं. नीट ऐका. जावामध्ये आकडे दोन तऱ्हेचे. एक नुसता आकडा, उघडा. दुसरा डबीत घातलेला आकडा. डबी म्हणजे ऑब्जेक्ट. दोन बरोबरची चिन्हं टाकून तुम्ही विचारता, तेव्हा मशीन आतला आकडा बघतच नाही. ते फक्त बघतं, ही डबी तीच आहे का? आता लहान आकडे सारखे लागतात, म्हणून एकशे सत्तावीसपर्यंतच्या डब्या त्याने आधीच भरून ठेवल्यात. मागाल तेव्हा तीच डबी देणार. म्हणून ट्रू. त्याच्या पुढे गेलात की दर वेळी नवी डबी. आतला आकडा सेम टू सेम, पण डबी दुसरी. म्हणून फॉल्स. आतला आकडा तपासायचा असेल तर इक्वल्स लिहायचं. ध्यान में रखो, ही चूक वर्गात हसण्यासारखी आहे. कामावर कराल तर सापडणार नाही, कारण लहान आकड्यांवर सगळं बरोबरच चालतं."

लहान आकड्यांवर सगळं बरोबरच चालतं. सुवर्णाने दहा नावांवर तपासलं होतं. एक ते दहा. दहाच्या दहा बरोबर आली तेव्हा तिने टेबलाखाली मूठ वळली होती आणि डॉक्टर तृप्तीमॅडमना हाक मारली होती, "मॅडम, झालं!" ही डिसेंबरची गोष्ट. इंदिरानगरमध्ये एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर मॅडमच्या संस्थेचं ऑफिस होतं. सुवर्णा तिथे तीन वर्षांपासून कामाला होती. सकाळी क्लास, दहा वाजता ऑफिस. संस्था पेठ आणि सुरगाण्याकडच्या वाड्यापाड्यांतून सिकलसेलची तपासणी करी. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, आणि माणूस हातापायांच्या दुखण्याने तळमळतो. पेठच्या पुढच्या एका मुलींच्या आश्रमशाळेत डिसेंबरात एकशे नव्वद मुलींचं रक्त घेतलं होतं. प्रत्येक बाटलीवर नंबर. नंबर आणि नाव सुवर्णाच्या वहीत. प्रयोगशाळेने ज्यांच्या रक्तात दोष आहे त्यांचे नुसते नंबर पाठवले, आणि नंबरावरून नाव शोधून यादी छापण्याचं काम सुवर्णाने आपल्या नव्या विद्येने केलं. हाताने करता आलं असतं. वही उघडून, बोट ठेवून अर्ध्या तासात झालं असतं. पण तिला ते हाताने करायचं नव्हतं. क्लास लावून चार महिने झाले होते आणि आपण लिहिलेल्या चाळीस ओळी खरोखर काही करतात हे तिला कुणाला तरी दाखवायचं होतं. कुणाला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

नऊ नावं छापून आली होती. आणि ती सगळी, तिला आता आठवलं, वहीच्या पहिल्या भागातली होती. सहावं, एकोणिसावं, चाळिसावं. शेवटचं एकशे अकरावं. तेव्हा ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मनाने विचारलं नव्हतं. यादीत नाव नसणं ही चांगली बातमी होती. चांगल्या बातमीची कोण खात्री करतो? जानेवारीत ती आणि मॅडम यादी घेऊन शाळेत गेल्या, तेव्हा मुली पटांगणात रांगा करून बसल्या होत्या. नऊ नावं वाचली. त्या नऊजणी उठून एका बाजूला उभ्या राहिल्या, खाली मान घालून, जणू काही चोरी सापडली होती. मॅडमनी त्यांना जवळ बसवून समजावलं, गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायचं, थंडीत स्वेटर घालायचा, नाशिकला पुढच्या तपासणीला यायचं. बाकीच्या एकशे एक्याऐंशी जणी मोकळ्या सुटून हापशाकडे पळाल्या. एक मात्र पळाली नव्हती. सातवीतली, बारीक चणीची. ती सुवर्णाच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. "ताई, माझं नाव नाय ना?" नाव तिने सांगितलं होतं, भागी लहानू चौधरी. सुवर्णाने यादीवरून बोट फिरवलं होतं, उगाच, नऊच तर नावं होती, आणि म्हणाली होती, "नाही गं. तुला काही नाही." भागी तरी थांबली होती. मग म्हणाली, "पण दुखतं." सुवर्णा तिला काय म्हणाली होती? सुवर्णाला ते शब्द नको होते, पण ते आले, जसेच्या तसे, आपल्याच आवाजात. थंडी आहे म्हणून असेल. शेकत जा.

सर पुढचं काही शिकवत होते. मुलं खडाखड टाइप करत होती. सुवर्णाला वहीतली पानं दिसत होती. भागीचा नंबर कितवा? तिने स्वतःच लिहिला होता. सातवीचा वर्ग मागाहून आला होता, म्हणजे दीडशेच्या पुढे. म्हणजे यादीत तिचं नाव आलं नाही, यावरून काहीच ठरत नाही. आलंच नसतं. दोष असता तरी आलं नसतं. असू शकेल किंवा नसेल. नसेलही. एकशे अठ्ठावीसच्या पुढे बासष्टत्रेसष्ट मुली, त्यांत कुणालाच काही नसेल असंही होऊ शकतं. तिने गणितात बीएस्सी केलं होतं. असं होण्याची शक्यता किती, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तिने तो मध्येच सोडून दिला.

लंका अशीच थांबायची. सुवर्णाची धाकटी बहीण, दोन वर्षांनी लहान. ब्याण्णव साली दोघी आश्रमशाळेत होत्या. सकाळी प्रार्थनेआधी नदीवरून पाणी आणायचं असे. चढाच्या अर्ध्यावर लंका कळशी खाली ठेवून बसायची. मागच्या मुली थांबायच्या, कुणी हसायचं, आणि अधीक्षिका वरून ओरडायच्या, "बसली का महाराणी?" पहिल्या वर्षी सुवर्णा तिची कळशी स्वतः घ्यायची. दुसऱ्या वर्षी तिला लाज वाटायला लागली. ती तेरा वर्षांची होती, वर्गात पहिली यायची, सर तिला पुढे बसवायचे आणि ही बहीण रोज सगळ्यांसमोर रस्त्यात बसायची. एका सकाळी तिने लंकाचा दंड धरून तिला ओढून उठवलं होतं. "ऊठ. नाटकं करू नको." लंका उठली. रडली नाही. तिने कळशी घेतली आणि वर चढली, आणि संध्याकाळी तिला ताप भरला. दिवाळीच्या सुट्टीत दोघी घरी गेल्या; परत आली ती एकटी सुवर्णा. घरी म्हणाले, वारं लागलं. भगताने अंगारा दिला होता. आई, नवसाबाई, पुढे कित्येक वर्षं सांगायची, पोर शेवटी पाणी पाणी करत होती.

त्यानंतर अकरा वर्षांनी, संस्थेत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात, मॅडमनी सुवर्णाला एक माहितीपत्रक टाइप करायला दिलं. लक्षणं. सांधे दुखणे. दम लागणे. डोळे पिवळसर होणे. वारंवार ताप. अशा मुलांना आळशी किंवा कामचुकार समजू नये. ती तिथे थांबली होती. कळफलकावर बोटं तशीच ठेवून ती बराच वेळ बसून राहिली, आणि मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाली, "अक्षर लागत नाही." मॅडमनी येऊन ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सुवर्णाने ते टाइप केलं. कुणाला काही बोलली नाही, आईलासुद्धा नाही. फक्त त्या दिवसापासून तिला वाटू लागलं की हे काम आपलं आहे, याद्या आपल्याच हातून झाल्या पाहिजेत. आपल्या हातून झाल्या तर चुकणार नाहीत असं तिला का वाटलं होतं, कुणास ठाऊक.

नऊ वाजले. मुलं चपला शोधत जिन्यात गर्दी करून होती. सुवर्णा खुर्चीतच होती. या वेळी तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेली, आणि ती आली हे तिने पुढे कधी स्वतःपासून लपवलं नाही. कुणालाच माहीत नाही. ऑफिसात जाऊन दोन चिन्हांच्या जागी इक्वल्स लिहायचं, नवी यादी काढायची आणि मॅडमना म्हणायचं, प्रयोगशाळेकडून उरलेले नंबर उशिरा आले. मुलींना गोळ्या मिळतील. सगळं होईल तसंच होईल. फक्त चूक कुणाची, यात तिचं नाव येणार नाही. हे इतकं सोपं आणि इतकं निर्दोष दिसत होतं की तिने मनातल्या मनात ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिलं.

"भोये, काय झालं? तब्येत बरी नाही?" यादव सर फळा पुसत होते.

"सर, हे जे आज शिकवलं... समजा कुणी असं लिहून ठेवलंय. डबीवालं. आणि ते वापरलंय."

सरांनी डस्टर खाली ठेवलं. "कुठे वापरलंय?"

तिने सांगितलं. सांगताना वाक्यं तुटत होती. सिकलसेल म्हणजे काय तेही मधेच सांगावं लागलं. सर तिच्यापेक्षा दोनेक वर्षांनीच मोठे असतील. त्यांच्या चेहऱ्यावर कीव दिसली असती तर ती उठून गेली असती, पण ते फक्त ऐकत होते, आणि ऐकून झाल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे ठेवला. "प्रोग्रॅम नंतर सुधारू. आधी मॅडमना फोन लाव."

"सर, मी ऑफिसात जाऊन आधी यादी..."

"नाही. यादी काढायला बसलीस की तासभर जाईल, आणि त्या तासात डोकं काहीतरी दुसरंच शोधून काढेल. मेरे साथ भी हुआ है. लाव फोन."

हे त्यांना कसं कळलं? तिने नंबर दाबला. मॅडमच्या आवाजामागे रिक्षांचा गलका होता. "मॅडम, यादी चुकली आहे," ती म्हणाली. "आश्रमशाळेची. माझ्याकडून. एकशे अठ्ठावीसच्या पुढची एकही मुलगी त्यात येऊच शकत नव्हती." रिक्षांचा गलका मागे पडला, मॅडम बाजूला आल्या असाव्यात. मग मॅडम म्हणाल्या, "ऑफिसला ये. वही घेऊन बसू."

वही घेऊन बसल्या त्या दोघी. या वेळी कॉम्प्युटर सुरूच केला नाही. मॅडमनी फाईलमधून प्रयोगशाळेचा कागद काढला आणि त्या एक नंबर वाचत, सुवर्णा वहीत बोट ठेवून नाव वाचे. नऊ नावं तीच आली. मग एकशे एकोणतीस. एकशे त्रेचाळीस. एकशे छप्पन्न. "एकशे चौसष्ट," मॅडम म्हणाल्या. सुवर्णाचं बोट त्या ओळीवर गेलं आणि तिच्या स्वतःच्या अक्षरातलं ते नाव तिने वाचलं. वाचलं म्हणजे ओठ हलले. आवाज आला नाही, आणि मॅडमना वही आपल्याकडे ओढून घ्यावी लागली. शेवटचा एकशे ऐंशी. चौदा. कागदाच्या तळाला प्रयोगशाळेच्या माणसाने निळ्या शाईने लिहिलंही होतं, एकूण चौदा. मॅडम त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला. "हा कागद दीडदोन महिने माझ्या फाईलमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "मी पटांगणात उभी राहून नऊ नावं वाचली. मोजली नाहीत." सुवर्णाला वाटलं, यांनी ओरडावं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, काहीतरी अंगावर आलं असतं. पण त्या शाळेचा फोन फिरवायला लागल्या होत्या.

मुख्याध्यापकांचा आवाज फोनमधून सुवर्णापर्यंत येत होता. चौघी वर्गात आहेत, ठीक आहेत. भागी चौधरी? ती आठ दिवस झाले घरी गेली. पाय दुखतात म्हणत होती, बापाला बोलावून पाठवून दिली. तुमच्या तपासणीत तिला काही निघालं नव्हतं ना मॅडम, म्हणून आम्हाला वाटलं, अभ्यास चुकवते.

जीप पेठ नाक्यावरून निघाली तेव्हा साडेअकरा झाले होते. सुवर्णा ड्रायव्हरच्या मागे खिडकीशी बसली. मखमलाबादकडच्या बाजूला फुलांचे मळे होते, बायका डोक्याला फडकी बांधून झेंडू तोडत होत्या. पुढे द्राक्षांचे मांडव, मग मांडव संपले आणि उघडे डोंगर सुरू झाले. या रस्त्याने ती दहा वर्षं येजा करत होती आणि दर वेळी नाशिककडून गावाकडे जाताना तिला हलकं वाटायचं. आज प्रत्येक वळणावर ती मनातल्या मनात मागे जात होती. यादीच्या दिवसाकडे, त्या टाइप केलेल्या ओळीकडे, दोन बरोबरच्या चिन्हांकडे. तिथे बोट ठेवून थांबता आलं असतं तर. तिला सारखं वाटत होतं की यंत्राने तिला फसवलं, आणि लगेच कळत होतं की यंत्राने तिच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्न तिने चुकीचा विचारला होता. आणि भागी समोर उभी राहून म्हणाली होती, पण दुखतं. तिथे यंत्र नव्हतं. तिथे पटांगणात ऊन होतं, बारा वर्षांची मुलगी होती आणि तिच्यासमोर सुवर्णा होती, हातात कागद घेऊन. कागदात नाही ते तिला ऐकूच आलं नव्हतं.

घाटात मॅडम अचानक म्हणाल्या, "त्या दिवशी पटांगणात तुझ्याजवळ येऊन थांबली होती, ती भागीच ना?"

"तीच," सुवर्णा म्हणाली. "तिला मी सांगितलं, तुझं नाव नाही म्हणून." आणि मग, खिडकीबाहेर पाहत, कुणी विचारलं नसताना तिने लंकाचं सांगितलं. कळशी, चढ, दंड धरून ओढणं, सगळं. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिला वाटलं होतं हे सांगताना आपण रडू, पण आवाज अगदी सपाट निघाला, माहितीपत्रक वाचल्यासारखा. मॅडमनी मागे हात करून तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि जीप पाड्याच्या फाट्याला लागेपर्यंत तो तसाच होता. सुवर्णाला त्या हाताचं ओझं वाटत होतं आणि तो उचलला जाऊ नये असंही वाटत होतं.

लहानू चौधरीचं घर पाड्याच्या टोकाला होतं. कुडाचं, पुढे सारवलेलं अंगण. घरातली बाई द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेली. लहानू दारात उठून उभा राहिला. आत चुलीजवळ गोधडीवर भागी पाय पोटाशी घेऊन पडली होती. ओठ कोरडे पडले होते. सुवर्णाला तिने ओळखलं, आणि ओळखून ती उठून बसायला लागली. शाळेत पाहुणे आले की उठून उभं राहायचं असतं ना, तशी. मॅडमनी तिला तसंच निजवलं, नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. "दवाखान्यात न्यावं लागेल, लगेच," त्या लहानूला म्हणाल्या. "वेळेत आलोय. पण आता थांबायचं नाही."

"काय झालं तिला? तपासलं तवा काय नाय सांगलं."

मॅडम तोंड उघडणार तोच सुवर्णा म्हणाली, "दादा, माझी चूक झाली. तिचं नाव यादीत यायला हवं होतं. मी कॉम्प्युटरवर यादी केली, ती चुकली. तिच्या रक्तात दोष आहे हे महिन्यापूर्वीच कळायला पाहिजे होतं. मी तिला सांगितलं, काही नाही म्हणून."

लहानू तिच्याकडे पाहत राहिला. तो रागावला आहे की त्याला अजून कळलंच नाही, हे तिला समजेना. खाली वाकून त्याने भागीला गोधडीसकट उचललं. दारातून बाहेर पडताना, तिच्याकडे न बघता, म्हणाला, "मी बी तिला बोललो. शाळा चुकवती म्हणून. दोन दिस बोललोच नाय तिच्यासंग." मग अंगणात थांबून म्हणाला, "तवा बी तुमीच सांगलं, आता बी तुमीच सांगताय. आता खरं हाय ना, बाय?"

"खरं आहे," सुवर्णा म्हणाली. "वहीत बघून आलोय. हाताने."

परतीच्या वाटेवर भागीचं डोकं सुवर्णाच्या मांडीवर होतं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ती दर थोड्या वेळाने तिला घोटभर पाणी पाजत होती. वळणावर जीप हलली की पोर दात आवळायची. ओरडत नव्हती. ओरडून काही होत नाही हे तिला कुणीतरी शिकवलेलं होतं. घाट उतरताना सुवर्णा खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "ओरड तू. दुखतंय ना, ओरड." भागीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, विश्वास न बसल्यासारखं, आणि पुढच्या खड्ड्याला "आई गंऽ" म्हणून मोठ्याने ओरडली. ड्रायव्हरने गाडी हळू केली.

तीन दिवस सलाईन होतं. पहिली रात्र वाईट गेली, असं दुसऱ्या दिवशी सकाळी लहानूने सांगितलं. मग दुखणं ओसरत गेलं. पुढची तपासणी झाली. चौघींना नुसता वाहकपणा निघाला, आजार नाही. भागीला आजार होता, आयुष्यभर सांभाळावा लागणार होता. त्या चार मुलींच्या घरी सुवर्णा स्वतः गेली, एकटी, एसटीने आणि पुढे पायी. चारही ठिकाणी तिने तेच सांगितलं, चूक माझी. एका घरी म्हातारी तिच्यावर ओरडली आणि तिने ते ऐकून घेतलं. एका घरी कुणाला काय चुकलं तेच कळलं नाही, त्यांनी चहा दिला. ऑफिसात परत येऊन तिने तो प्रोग्रॅम उघडला. चूक सुधारायला एका शब्दाचं काम होतं. तो शब्द लिहिल्यावर तिने एकशे नव्वदच्या एकशे नव्वद नंबर एकेक करून घातले आणि प्रत्येकाचं नाव वहीशी ताडून पाहिलं. दोन दिवस लागले. मॅडम म्हणाल्या, "आता पुरे, चालतोय तो." ती म्हणाली, "चालू दे मॅडम. मला बघू दे." यादव सरांच्या क्लासला ती पुन्हा जायला लागली होती. सोडून द्यावं असं दोनदा मनात आलं होतं.

हे सगळं व्हायच्या आधी, पाचव्या दिवशी ती दवाखान्यात गेली तेव्हा भागी खाटेवर मांडी घालून बसली होती, हातात पाण्याचा पेला. लहानू बाहेर गेला होता. भागीने तिला बसायला जागा करून दिली आणि तिच्याकडे पाहून विचारलं, "ताई, तुमी बी आमच्याकडल्याच ना?"

"हो. पेठच्या पुढची."

"मंग तुमचं रगत तपासलं?"

सुवर्णाने पर्स मांडीवरून बाजूला ठेवली. तीन वर्षांत तिने दोनेक हजार माणसांची नावं लिहिली होती, बाटल्यांवर नंबर चिकटवले होते. आपण धडधाकट आहोत, आपल्याला काय धाड भरलीय, असं कुणी विचारलं तर सांगायला तयार होतं. कुणी विचारलंच नव्हतं. आणि आत कुठेतरी तिला ते नको होतं. लंकाच्या रक्तात जे होतं तेच आपल्याही रक्तात असेल आणि आपण मात्र वाचलो, असं कागदावर लिहून आलं तर तो कागद कुठे ठेवायचा?

"नाही तपासलं," ती म्हणाली.

"का?"

"भीती वाटते."

हे उत्तर भागीला पटलं. तिने मान हलवली. "सुई लय नाय दुखत. मुंगी चावल्यावानी." ती खाटेवरून खाली उतरली, चपलेत पाय घातले, एका हाताने भिंत धरली आणि दुसरा हात पुढे केला. "चला. मला ठावं हाय कुठं घेतात ते."

दोघी सावकाश वऱ्हांड्यातून गेल्या. भागी मध्ये एकदा थांबली, दम घेतला, सुवर्णाही थांबली. घाई नव्हती. रक्त घ्यायच्या खोलीत सिस्टरने सुवर्णाची बाही वर केली, दंडाला रबरी पट्टी आवळली आणि कागदावर नाव, वय, गाव लिहून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मी हाय," भागी म्हणाली.